अल्झायमर जीन टेस्ट, घरी येऊन सॅम्पल: ५ पैकी अडीच स्टार

आईला ७२ व्या वर्षी अल्झायमर निघाला. चाळीस वर्षं सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून येजा केलेली बाई, घराचा बोळ विसरायला लागली तेव्हा कळलं. मग माझ्या डोक्यात किडा, आपलं पण असंच होणार का. म्हणून ही टेस्ट. लॅबचं नाव घेत नाही, सोलापुरात त्यांचं नुसतं कलेक्शन सेंटर आहे.

सर्व्हिसला नावं नाहीत, पोरगा सकाळी सातला जुळे सोलापुरात हजर, एका टोचणीत रक्त, तीन आठवड्यात रिपोर्ट व्हॉट्सॲपवर.

पण फोनवरच्या मॅडमनी मोठं पॅकेज गळ्यात मारलं ओ, एपीपी, प्रेसेनिलिन १, प्रेसेनिलिन २ सगळं बघतो म्हणून. नंतर न्यूरोचे डॉक्टर म्हणाले, ह्या तीन जीनमधल्या बिघाडाचे पेशंट शंभरात एक पण नसतात आणि त्यांना बहुतेक साठीच्या आतच सुरू होतं, तुमच्या आईला सत्तरीनंतर झालंय, घरात लवकर कुणालाच नाही, मग हे कशाला केलं? गेले पैसे.

उरला एपीओई जीन. ह्याचे २, ३, ४ नंबरचे प्रकार असतात, एक आईकडून येतो, एक वडिलांकडून. माझा आला ३/४, म्हणजे एक ३ आणि एक ४, खाली लाल पट्टी, हाय रिस्क, बास. दोन रात्री झोप नाही. "काउन्सेलिंग फ्री" म्हणजे चार मिनिटांचा कॉल, त्यात बाईंनी तोच रिपोर्ट मला वाचून दाखवला!! डॉक्टरांनी मात्र कागदावर काढून दाखवलं, ह्या जीनपासून मेंदूत चरबी वाहून नेणारं प्रोटीन बनतं, ४ नंबरवाल्या प्रकारात अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचा कचरा नीट साफ होत नाही, तो पेशींच्या बाहेर साठतो आणि आत टाऊ प्रोटीनचा गुंता होतो. एक ४ असला की धोका साधारण दोन-तीन पट, पण ४ असून काही न झालेले पण आहेत आणि ४ नसताना झालेले पण. आणि आज माझ्या डोक्यात कचरा आहे का नाही हे ही टेस्ट सांगतच नाही, त्याला मेंदूचा पेट (PET) स्कॅन नाहीतर पी-टाऊ २१७ ह्या टाऊच्याच एका प्रकाराची रक्त तपासणी, ती पण विसरायला होत असेल तरच करा म्हणाले.

डीएनएची रचना शोधणारा नोबेलवाला जेम्स वॉटसन, २००७ ला त्याचा अख्खा जीनोम वाचला तेव्हा हा एक एपीओई तेवढा मला सांगू नका म्हणाला होता. हे मला रिपोर्ट उघडल्यावर कळलं, काय उपयोग.

भाऊ आता त्याची पण करायची म्हणून सेंटरचा नंबर मागतोय. मी अजून दिला नाही.