रँग्लर परांजपे हेरिटेज वॉक, फर्ग्युसन: पैसे वसूल, पण कौन्सिल हॉल हवाच होता

मागच्या रविवारी बाबांना घेऊन पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची हेरिटेज वॉक केली, विषय प्राचार्य रँग्लर परांजपे. माणशी ३५० रुपये, सकाळी ७ ला सुरू आणि साडेनऊला संपली, आत शिरायची परवानगी वगैरे आयोजकच बघतात. वॉक मला खूप आवडली, आणि जी तक्रार आहे ती आवडली म्हणूनच आहे.

गाइड मुलगी इतिहासाची स्टुडंट, हातात कागद नाही, कुठलंही साल विचारा लगेच सांगते. सुरुवात मेन बिल्डिंगसमोर. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर (म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिला) झालेला पहिला भारतीय, परत आल्यावर सरकारात मोठ्या पगाराची नोकरी मिळाली असती पण हा माणूस हे कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सभासद होऊन महिना ७५ रुपयांवर शिकवायला लागला आणि १९०२ ला, म्हणजे सव्विसाव्या वर्षी, प्राचार्य. आमच्या ग्रुपमधली कॉलेजची पोरं एकदम गप्प होऊन ऐकत होती.

मग हॉस्टेल, सावरकरांची खोली. १९०५ ची परदेशी कपड्यांची होळी, त्यावरून प्राचार्यांनी केलेला १० रुपये दंड, हॉस्टेलमधून काढणं, हे सगळ्यांना माहितीच असतं तरी तिने दोन्ही बाजू नीट मांडल्या. फक्त इथे फोटो काढण्यात अर्धा तास गेला, ग्रुप पण ३५-४० जणांचा, आणि माइकचा आवाज मागे येतच नव्हता. वयस्कर माणसं असतील तर पुढेच उभं राहा.

आणि त्या अर्ध्या तासामुळे जे खरं ऐकायचं होतं ते दहा मिनिटांत उरकलं. परांजपे १९१३ पासून मुंबईच्या कायदेमंडळात होते आणि १९२१ ला शिक्षणमंत्री झाले, कारण ब्रिटिशांच्या १९१९ च्या राज्यकारभार सुधारणांनंतर शिक्षण खातं पहिल्यांदा भारतीय मंत्र्यांच्या हातात आलं. आता बघा, याच कॉलेजात शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल व्हाइसरॉयच्या केंद्रीय कौन्सिलात मांडलं होतं, ते १९१२ ला १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, गोखले १९१५ ला गेले, आणि त्याच कॉलेजचा प्राचार्य मंत्री असताना १९२३ ला मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला! विठ्ठलभाई पटेलांचा सक्तीच्या शिक्षणाचा १९१८ चा कायदा नगरपालिकांपुरता होता, यात खेड्यापाड्यातल्या शाळा पण आल्या, कारभार लोकल बोर्डांकडे (तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे) गेला. सक्ती करायची की नाही हे मात्र बोर्डांवरच सोडलं होतं आणि पैसा कमी, म्हणून जेवढं व्हायला पाहिजे होतं तेवढं झालं नाही, हेही तिने स्पष्ट सांगितलं, ते मला फार पटलं.

बाबा झेडपीच्या शाळेत ३४ वर्षं गुरुजी होते. ते एकदम म्हणाले, "अगं बाळ, माझे वडील लोकल बोर्डाच्या शाळेतच शिकले, घरात अक्षर ओळखणारे तेच पहिले." ती मुलगी थांबली, त्यांना पुढे बोलावलं, आणि वॉक संपत आलेली असताना त्यांना पाच मिनिटं बोलू दिलं. या एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी मार्क देईन.

आयोजकांना मनापासून विनंती, हॉस्टेलचा वेळ कमी करा आणि वॉक कॅम्पात कौन्सिल हॉलपर्यंत न्या. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचं पावसाळी अधिवेशन पुण्यात तिथेच भरायचं, मग या माणसाचं अर्धं आयुष्य वगळून फक्त कॉलेज का दाखवायचं? आम्ही गुडलकला बन मस्का चहा घेतला आणि रिक्षा करून स्वतःच गेलो. रविवार असल्यामुळे बाहेरूनच बघावं लागलं, पण ती १८७० ची लाल वीट आणि मधला टॉवर बघत बाबा फुटपाथवर बराच वेळ उभे होते. जोडणार असाल तर ५०० घ्या, आमची दोन तिकिटं आत्ताच धरा.