‘परमिटचं आम्ही बघतो’ : दक्षिणेतल्या ट्रेकच्या नावाखाली चालणारी फसवणूक

दक्षिणेतल्या डोंगरांवर निघालेल्या मराठी ट्रेकरला गंडवणं सोपं जातं, कारण त्याला सह्याद्रीची सवय असते. राजगड-तोरण्याला निघताना महिनाभर आधी नाव नोंदवावं लागत नाही. गाडी ठरली, सॅक भरली की निघायचं. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या बहुतेक नावाजलेल्या वाटा मात्र अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा राखीव जंगलातून जातात. तिथली परवानगी ठरावीक तारखेची, ठरावीक वाटेची आणि ओळखपत्र दाखवणाऱ्या त्या माणसाची असते. हे ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकावरच फसवणाऱ्यांचा धंदा चालतो.

सुरुवात एखाद्या रीलने होते. कर्नाटकातल्या कुद्रेमुख डोंगराच्या हिरव्यागार धारेवर ढग, खाली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची लिंक. ग्रुपमध्ये शिरलं की पत्रक येतं: शुक्रवारी रात्री बंगळुरूहून निघायचं, रविवारी रात्री परत, समजा 3,499 रुपये, ‘परमिट, गाइड, जीप, जेवण सगळं धरून’. जागा कायम चारच उरलेल्या. निम्मे पैसे अ‍ॅडव्हान्स, तेही संस्थेच्या खात्यावर नाहीत, कुणाच्या तरी खासगी नंबरवर. आधार कार्डाचा फोटो मागतात, त्यामुळे परमिट खरंच निघतंय असा भरवसा बसतो. मग सगळं शांत. विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’.

निघायच्या आदल्या दिवशी काय होईल ते तुमच्या नशिबावर. कधी फोन बंद आणि ग्रुप गायब. कधी ‘वनखात्याने वाट बंद केली’ असा मेसेज येतो, आणि कुद्रेमुखच्या पैशांत चिकमगळूरचा एखादा व्ह्यूपॉइंट दाखवून आणतात. पैसे परत मागितले की पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं ‘नो रिफंड’ पुढे करतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्यात सहल खरंच निघते.

त्यात गट पहाटे चारला वनखात्याच्या तपासणी नाक्याच्या अलीकडे उतरवला जातो. ‘टॉर्च बंद ठेवा, बोलू नका’ म्हणत कॉफीच्या मळ्यातून आडवाटेने आत नेतात. किंवा नाक्यावर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं तिकीट हातात देऊन ‘नाव विचारलं तर हे सांगा’ असं पढवतात. इथे प्रश्न पैशांचा उरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आत शिरलेले तुम्ही असता, म्हणून कारवाई तुमच्यावरही होते. आयोजकाचा पोऱ्या तोवर पसार झालेला असतो.

आणि जंगल पेटलं तर? 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून 20 हून अधिक ट्रेकर जिवानिशी गेले. वाळलेलं गवत, उतारावर चढत जाणारा जाळ आणि माहीत नसलेली वाट. परवानगी कुठल्या वाटेची आणि गट चालला कुठल्या वाटेने, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला आणि तमिळनाडूने त्याच वर्षी ट्रेकिंगसाठी स्वतंत्र नियम केले. नाक्यावर नोंद असली की आत किती माणसं आहेत आणि कुठल्या बाजूला, हे वनखात्याला कळतं. चोरवाटेने गेलेल्या गटाला शोधायला कोणी निघत नाही, कारण तो आत आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

तेव्हा तपासायची पहिली गोष्ट म्हणजे परमिट. ‘परमिट इन्क्लुडेड’ या शब्दांना काडीची किंमत नाही. तुमच्या नावाचं, तुमच्या ओळखपत्राच्या क्रमांकाचं, वाट आणि तारीख छापलेलं तिकीट हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. त्याहून बरं म्हणजे ते स्वतःच काढा. कर्नाटकात वनखात्याचं ‘अरण्य विहार’ हे संकेतस्थळ आहे. जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वतावर झुंबड उडाल्यावर तिथे ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या संख्येची मर्यादा यांची सक्ती झाली. तमिळनाडूने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ सुरू केलं; त्यात चाळीस वाटा घेतल्या आणि गाइडही तिथूनच मिळतो. केरळात मीसपुलिमला शिखराचं बुकिंग वन विकास महामंडळाकडे, अगस्त्यारकूडम शिखराचं वनखात्याकडे, तर पेरियारमधलं चालणं थेट व्याघ्र प्रकल्पाकडे.

पत्त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ दिसलं तरच खरं, हा नियम इथे पुरत नाही. अरण्य विहारच्या पत्त्यात ते आहे. ट्रेक तमिळनाडू मात्र साध्या ‘डॉट कॉम’वर चालतं आणि तरीही सरकारी आहे. याचाच फायदा घेऊन मिळत्याजुळत्या नावाची साइट काढणं सोपं जातं. गुगलवर वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून जाऊ नका. राज्याच्या वनखात्याच्या मुख्य संकेतस्थळावरून आतली लिंक धरा.

बनावट तिकीट ओळखायला फार हुशारी लागत नाही. गटातल्या दोघांची पीडीएफ शेजारी ठेवून बघा: नावं वेगळी आणि बुकिंग क्रमांक, वेळ, सगळं तेच, असं असेल तर एकाच तिकिटावर नावं बदललेली असू शकतात. गटाचं एकच तिकीट असेल तर त्यावर सगळ्यांची नावं हवीत. नावाच्या ओळीचा फॉन्ट वेगळा, किंवा अक्षरांमागचा पांढरा चौकोन किंचित उजळ दिसतो. क्यूआर स्कॅन केल्यावर सरकारी पान उघडण्याऐवजी नुसता मजकूर आला तरी थांबून विचारा. पीडीएफऐवजी स्क्रीनशॉटच पाठवत असतील तर तेवढं कारण पुरे. आणि सरकारी साइटवर ती तारीख भरलेली दिसत असताना यांच्याकडे ‘आमचा कोटा’ शिल्लक असेल, तर ती तिकिटं कुणाच्या नावावर निघाली ते आधी विचारा.

दुसरी चाळणी म्हणजे कॅलेंडर. वणव्याच्या मोसमात, साधारण फेब्रुवारीपासून पुढे, कर्नाटकातल्या बऱ्याच वाटा बंद होतात. तमिळनाडूतही साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तेच. केरळात मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर या रानबोकडांच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. अगस्त्यारकूडमचा मुख्य मोसम जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, वैद्यकीय दाखला घेऊन; चढाई बोनकाडहून. त्यामुळे मार्चअखेरीस कुमार पर्वताचं बुकिंग घेणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. एरविकुलममधलं अनामुडीचं शिखर (2,695 मीटर) कुणी पॅकेजमध्ये विकत असेल तर तोही त्याच माळेचा मणी. एरविकुलमच्या साध्या तिकिटावर शिखरापर्यंत जाता येत नाही.

नाव एका डोंगराचं आणि माल दुसराच, हा प्रकार मुन्नारकडे करायला सोपा. विकायचं मीसपुलिमला, आणि न्यायचं सूर्यनेल्लीहून जीपने कोलुक्कुमलैला, सूर्योदयाला. समोर मीसपुलिमला दिसतो, फोटो झकास येतात, नवख्याला फरक कळत नाही. पेरियारच्या वेशीवरच्या कुमळी गावात रस्त्यावर उभे असलेले दलाल ‘पेरियार जंगल सफारी’ म्हणून जीपची फेरी विकतात, ती बरेचदा व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरूनच फिरते. बॉर्डर हायकिंग, टायगर ट्रेल हे पायी कार्यक्रम प्रकल्पाकडूनच मिळतात आणि सोबत त्यांचेच स्थानिक गाइड असतात.

तमिळनाडूत मुदुमलै व्याघ्र प्रकल्पाजवळच्या मसिनगुडीचं वेगळंच. तिथे अंधार पडला की ‘नाइट सफारी’चे फोन सुरू होतात. मुदुमलैत वनखात्याची सफारी थेप्पकाडूहून दिवसा निघते; रात्रीची सफारी अधिकृतपणे नाहीच. त्या भागात मुक्कामाचा अ‍ॅडव्हान्स देतानाही जपून. हत्तींच्या वाटेवरचे अनेक रिसॉर्ट 2018 मध्ये सील झाले आणि ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हत्तीमार्ग कायम ठेवला. जुने फोटो मात्र इंटरनेटवर तसेच पडून असतात. जागा सध्या चालू आहे का, हे अलीकडच्या तारखेच्या रिव्ह्यूवरून आणि व्हिडिओ कॉल करून बघा.

लहानसहान लुबाडणूकही असते. नीलगिरी आणि कोडैकनालसाठी मे 2024 पासून ई-पास लागतो, तो सरकारकडून फुकट मिळतो. त्याचे माणशी शे-दोनशे घेणारे ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणतात. कुद्रेमुखला मुळ्ळोडीपर्यंतची जीप ‘सगळं धरून’मध्ये असल्याचं सांगतात आणि तिथे उतरल्यावर ड्रायव्हर वेगळे मागतो. पहाटे साडेपाचला, कडाक्याच्या थंडीत, बारा जणांपैकी कोण भांडणार? म्हणून जीप येण्याजाण्याची की एका बाजूची, गाइडचे पैसे कोण देणार, जेवणं किती, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. फोनवरचं बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

पैसे देताना यूपीआयवर आधी खातेदाराचं नाव दिसतं, तिथे दोन सेकंद थांबा. संस्थेचं नाव एक आणि खातं तिसऱ्याच माणसाचं असेल तर पिन टाकू नका. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटक 29, केरळ 32, तमिळनाडू 33, महाराष्ट्र 27. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणीचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लगेच दिसतं. आधारचा पूर्ण क्रमांक देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. खरं परमिट काढायला दुसरं ओळखपत्र चालतंय का, तेही बघा.

पैसे गेलेच तर ग्रुपवर वाद घालत बसू नका. अ‍ॅडमिनने काढून टाकण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, पत्रक आणि नंबर जपून ठेवा. यूपीआयच्या पावतीवरचा बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक घेऊन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. हे जितक्या लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही कळवा, पण पिन तुम्हीच टाकलेला असल्याने ‘माझ्या नकळत पैसे गेले’ या नियमाचा आधार बहुधा मिळत नाही. तक्रारीत ‘ट्रेक रद्द झाला’ असं लिहू नका, त्याने प्रकरण ग्राहक-वादाच्या खात्यात जातं. परमिट काढल्याचं खोटं सांगून पैसे घेतले, असं लिहा आणि बनावट तिकिटाची प्रत जोडा. तीच प्रत संबंधित वनविभागालाही पाठवा, कारण त्यांच्या नावाने खोटा कागद फिरतोय.