पिकअपचे मागचे ब्रेक चिकटायचे, होज आणि हँडब्रेक केबल बदलून आठ महिने झाले त्याचा अनुभव

गेल्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर आमच्या पिकअपच्या मागच्या ब्रेकचा रबरी होज (ब्रेक ऑइल चाकांकडे नेणारी नळी) आणि डाव्या चाकाची हँडब्रेक केबल बदलली. लगेच लिहिलं नाही, कारण त्याआधी दोन वेळा काम करून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत परत तेच सुरू झालं. आता आठ महिने भरल्या गाडीने काढलेत, तेव्हा खात्रीने सांगतो.

गाडी आठ वर्षांची, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला आतून लायनर घासून चाक थांबतं. बेळगावहून भाजी भरायची, चोर्ला घाट उतरून केरी, साखळी करत डिचोलीला यायचं, आठवड्याला चार फेऱ्या. जूनपासून गाडी जड वाटायला लागली. सपाटीवर ॲक्सिलेटर सोडला की गाडी घरंगळत जायची ती मागून कोणी धरल्यासारखी थांबायची, ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलं, आणि एकदा घाट उतरून केरीला चहाला थांबलो तर मागून जळका वास आणि डाव्या ड्रमवर पावसाचे थेंब पडले की चर्र करून वाफ. त्या दिवशी खरंच घाबरलो, कारण ब्रेक ऑइल उकळलं तर पायाखाली पॅडल नुसतं आत जातं, आणि ते घाटात झालं असतं तर!

पहिल्या गॅरेजने लायनर बदलून अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे) सैल केले. चार दिवस बरं वाटलं, पण पॅडल खाली गेलं आणि मग परत चिकटायला लागलं. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारे) नवीन घातले. त्यांची चूक म्हणणार नाही, सिलेंडरच्या रबराखाली गंज होताच. पण दोन्हीकडे गाडी रात्रभर उभी, सकाळी जॅकवर चढवली की चाक हाताने मस्त फिरायचं, मग दोष दिसणार कसा? थंड गाडीत हा दोष दिसतच नाही, माझे दोन महिने आणि पैसे त्यातच गेले.

शेवटी आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे फिटर काका, आयुष्य खाणीच्या ट्रकांवर गेलेलं, त्यांना रविवारी घरी आणलं. पुढच्या चाकांना दगड, मागे दोन्ही बाजूला स्टँड (नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीच जाऊ नका), हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रल. दादा आत बसला. काका म्हणाले, "दाब, परत दाब, जोरात, आता सोड." आणि मला म्हणाले, "फिरव बघू चाक." हलेना! दोन्ही चाकं घट्ट, मिनिटभराने हळूहळू सुटली. परत दाबायला लावून त्यांनी डाव्या चाकाचं निपल (ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल केलं, तसं काळपट ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं. म्हणजे ऑइलचा दाब आत अडकत होता. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं असतं तर दोष केबलचा, स्प्रिंगचा नाहीतर लायनरचा धरायचा.

मग तिसऱ्यांदा दाबून चेसिसकडचं जोड, जिथे लोखंडी पाइप संपून रबरी होज सुरू होतो, ते सैल केलं. चाकं घट्टच. तिथे सुटली असती तर दोष वरचा, म्हणजे मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) किंवा वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह. आमच्या गाडीत मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच होज आहे, म्हणून दोन्ही एकदम धरत होती. काढलेला होज काकांनी ब्लेडने उभा चिरून दाखवला. बाहेरून एक चीर नाही, आत रबर फुगून भोक अगरबत्तीच्या काडीएवढं. पायाचा जोर मोठा असतो म्हणून ऑइल त्यातून पुढे जातं, पण परत ढकलायला फक्त लायनरच्या स्प्रिंगांचा जोर, त्याला ते जमत नाही.

होज बदलल्यावर उजवं चाक एकदम मोकळं, डावं अजून जरासं घासत होतं. हँडब्रेकची केबल काढून टाकली तर ड्रमच्या आतला लिव्हर टकदिशी मागे गेला. केबलचं आवरण पाट्याजवळ फाटलेलं, आत चिखल आणि गंज. म्हणजे दोन दोष एकावर एक. शिवाय उष्णतेने डाव्या ॲक्सलचा ऑइल सील कडक होऊन गळायला लागला होता, तोही नवीन घातला. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, फुफ्फुसाला वाईट, ओली करून पुसा. ब्रेक ऑइल सगळं नवीन भरलं, टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं, डॉट ३. नवं ते किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेलं १४० लाही उकळू शकतं, आणि आपल्याकडच्या पावसात ओलावा धरायला वेळ लागत नाही.

आता आठ महिन्यांचं. चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचं) सामान आणि भाजी भरभरून आणली, तेव्हापासून घाट उतरून आलो की तापमानाच्या गनने ड्रम बघतो. आधी डावा १४० च्या पुढे जायचा, आता दोन्ही ६० ते ७० च्या मध्ये आणि एकमेकांच्या जवळ. नुसत्या आकड्यापेक्षा दोन बाजूंतला फरक बघा, तोच लवकर सांगतो. ॲव्हरेज १४ च्या आसपास परत आलं.

एकच तक्रार, नवीन केबल दोन महिन्यांत सैल झाली, आणि मी ती ताणताना जास्त ताणली तर डावं चाक लगेच परत गरम. अर्धा फेरा मागे घेतल्यावर ठीक झालं. पावसात रात्री गाडी घरी सपाटीवर लावली तर आता हँडब्रेक ओढत नाही, गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला लाकडी गुटका लावतो. मे महिन्यात पाऊस लागायच्या आधी काकांना बोलावून ड्रम एकदा परत उघडणार आहे, अॅडजस्टरची दातेरी चक्री अजून हाताने फिरते का तेवढं बघायचंय.