गमबुटातले पाय आणि २० टक्क्यांचं लोशन: सात महिन्यांनंतर

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ मासळी पॅकिंगच्या शेडमध्ये माझं काम. दिवसाचे नऊ-दहा तास पाय गमबुटात. वरून बर्फाचं पाणी आत उतरतं, आतून घाम सुटतो आणि रबरातून काहीच बाहेर जात नाही. संध्याकाळी पडवीत बूट काढले की असा आंबूस वास सुटायचा की बायको खिडक्या उघडायची. साबणाने घासून धुतले तरी तासाभरात वास हजर. गणपतीत आमचं भजनी मंडळ घरोघर जातं. दोन वर्षं मी पखवाज घेऊन दारातच बसलो, आत पाय ठेवायची लाज वाटायची.

पावडर, तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा पाला, सगळं करून झालं. तुरटीने दोन-चार तास बरं वाटायचं. ओल्या पायावर पावडर मात्र चिखलासारखी बसते, बोटांच्या बेचक्यात तिचे गोळे होतात. एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिश्र क्रीम आणलं. त्यात स्टेरॉइड होतं. खाज थांबली, पण बेचक्यातल्या चिखल्या, म्हणजे बुरशी, आणखी पसरल्या. असलं क्रीम कृपा करून कुणी लावू नका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात सवड काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी पाय दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायला सांगितले आणि मग टाचेवर टॉर्च धरली. फुगून पांढऱ्या झालेल्या कातडीवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली, काही एकमेकांत मिसळलेली. याला पिटेड केराटोलिसिस म्हणतात. ओल्या, जाड कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन जिवाणू पोखरतात आणि त्यातून वास मारणारी गंधकाची संयुगं सुटतात. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. एरवीच्या पायाच्या वासातही जिवाणूच घामातल्या ल्युसिन या अमिनो आम्लापासून वास मारणारं आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. म्हणजे मी अस्वच्छ नव्हतो. हे ऐकून किती हलकं वाटलं, सांगता येत नाही.

टाचेतल्या जिवाणूंसाठी क्लिंडामायसिन तीन आठवडे, बेचक्यातल्या बुरशीला क्लोट्रिमॅझोल चार आठवडे, आणि घामासाठी रात्री ॲल्युमिनियम क्लोराईड हेक्झाहायड्रेटचं २० टक्क्यांचं लोशन. हे लोशन घामाच्या नळ्यांची तोंडं बंद करतं. झोपताना लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं. पाय अगदी कोरडे हवेत, ओल्या कातडीवर त्याचं आम्ल होऊन आग होते. पहिल्या रात्री मी घाईत लावलं आणि तळवे असे चुरचुरले की उठून धुवावे लागले. त्यानंतर आधी टॉवेलने, मग पंख्यासमोर पाय वाळवायची सवय लावली. भेगांवर अजिबात लावू नये.

पहिले दहा दिवस रोज लावलं, मग आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या आठवड्यात वास खूपच कमी झाला. गणपतीत माजघरात मांडी घालून पखवाज वाजवला.

पण लोशनवर सगळं सोडू नका. कोकणातल्या ऑगस्टमध्ये बूट वाळतच नाहीत. मी गमबुटाची दुसरी जोडी घेतली, आता एक दिवस ही, एक दिवस ती. आतली गादी बाहेर काढायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सकाळी ओले बोळे काढून नवे घालायचे. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलतो, त्यासाठी डब्याच्या पिशवीत कोरडी जोडी असते. हे शेडमधल्या दोघा सोबत्यांनीही सुरू केलं आहे.

नोव्हेंबरमध्ये बरं वाटतंय म्हणून लोशन आणि मोजे बदलणं दोन्ही सोडलं. दोन आठवडे पुरे व्हायच्या आतच वास परत आला, टाचेवर भोकंही दिसली. पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. थंडीत टाचा कोरड्या पडल्या, तेव्हा लोशन आठवड्यातून एकदाच लावलं.

आता फेब्रुवारी संपत आलाय. टॉर्च धरली तरी टाच गुळगुळीत दिसते.