खिशातलं लिनक्स: आठ महिन्यांनंतर

तीन वेगवेगळ्या मशीनवर काम, आणि प्रत्येक ठिकाणी परकं विंडोज. वैतागून पेनड्राइव्हवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं, त्याला आता आठ महिने झाले.

सुरुवात लाइव्ह यूएसबीने, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने, पर्सिस्टन्ससह (बदल जपून ठेवायच्या सोयीसह). मूळ सिस्टीम एका दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये राहते आणि आपले बदल तिच्यावरच्या वेगळ्या थरात साठतात. पहिले तीन आठवडे मजेत गेले. मग अपडेट केलं आणि थर भरायला लागला. अपडेट केलेलं पॅकेज वरच्या थरात येतं, पण खालचं जुनं तसंच राहतं; जागा दोनदा जाते. त्यात माझी पर्सिस्टन्सची फाइल फॅट३२ या जुन्या फाइल-पद्धतीवर होती, म्हणजे ४ जीबीच्या पुढे वाढणारच नव्हती. दुरुस्तीसाठी किंवा चाखून बघायला लाइव्ह उत्तम आहे, पण रोजचा संसार त्यात होत नाही.

म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवर चक्क पूर्ण इन्स्टॉल केलं, आणि इथे सगळ्यात मोठा घोळ घातला. पार्टिशन बरोबर निवडली, पण बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) गेला लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे असे प्रोग्रॅम ठेवायच्या डिस्कच्या भागात. पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप चालू केला तर समोर काळा पडदा आणि ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) प्रॉम्प्ट. विंडोज शाबूत होतं, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटचा क्रम बदलल्यावर आलंही, पण तोपर्यंत घाम फुटला होता. पेनड्राइव्हवर स्वतःचं ईएफआय पार्टिशन हवं आणि ग्रब ‘रिमूव्हेबल’ पर्यायाने बसवायला हवा, म्हणजे तो ईएफआय/बूट या ठरावीक फोल्डरमध्ये जातो आणि कुठल्याही यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मशीनला सापडतो. आता मी इन्स्टॉल करताना आतली डिस्क सरळ बायोसमधून बंद करतो. ती सोय नसेल तर डिस्कची केबल काढायलाही मागेपुढे पाहत नाही.

यानंतरचं दुखणं वेगाचं. पाकिटावरचा वेग मोठ्या, सलग फाइलींचा असतो. सिस्टीम लिहिते ते बारीक बारीक, इकडेतिकडे: लॉग, ब्राउझरचे छोटे डेटाबेस, पॅकेजच्या नोंदी. तिथे साधा पेनड्राइव्ह अक्षरशः रांगतो. अपडेट लावून जेवून यायचो, तरी चालूच. माऊंट करताना ‘नोएटाइम’ लावलं (फाइल वाचल्याची वेळ लिहिणं बंद), ब्राउझरची कॅश रॅममध्ये नेली, स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) काढून झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेली मेमरी) घेतलं. फरक पडला, पण पाचव्या महिन्यात एका सकाळी पेनड्राइव्ह ‘रीड ओन्ली’ झाला तो कायमचाच. वाचता येत होतं हे नशीब. होम फोल्डर उतरवून घेतलं.

तेव्हापासून यूएसबी केसमधला छोटा एसएसडी वापरतोय, त्यावर डेबियन हे लिनक्स. हे आधीच करायला हवं होतं. अपडेट आता चहा संपायच्या आत होतं. तोटा एकच: लटकणारी केबल. एकदा कोपर लागून सुटली आणि चालू सिस्टीम जागच्या जागी गोठली. मी आता केस लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोने चिकटवतो. दिसायला गबाळं आहे.

परक्या मशीनवर बूट मेनूसाठी कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप; तिन्ही दाबून बघतो. सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सोय) बंद करायची घाई करू नका. डेबियन, उबंटू त्यासह चालतात, आणि मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ही सेटिंग हलवल्यावर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती मालकाला माहीत नसेल तर तुमचं काही खरं नाही. घड्याळही पुढेमागे होतं, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं. पोर्टेबल डिस्कवर लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की यजमानाची तक्रार येत नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डचा खास ड्रायव्हर मी टाकलेलाच नाही; एका मशीनसाठी सगळ्यांवरचा पडदा कशाला धोक्यात घालायचा?

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच करा, इन्स्टॉल करतानाच: लक्स एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क वाचता येऊ न देणारं लिनक्सचं कुलूप. खिशातली वस्तू हरवतेच. माझा एसएसडी गेल्या महिन्यात एका बैठकीच्या खोलीत दोन दिवस पडून होता. परत मिळाला, आणि त्या दोन दिवसांत पासवर्ड बदलत बसायची वेळ आली नाही.