सोनं खरं, गिन्नी खोटी

मुंबईच्या टांकसाळीत पडलेली गिन्नी, म्हणजे ब्रिटिश काळातलं सोन्याचं नाणं, संग्रहात असावी, ही माझी फार जुनी इच्छा. ओळखीतल्या एका गृहस्थांनी ‘आजीच्या पेटीतल्या’ म्हणून पंचम जॉर्जच्या दोन गिन्न्या दाखवल्या, एक १९१४ ची आणि एक १९१८ ची. दोन्हींच्या मागच्या बाजूला घोडेस्वाराचं चित्र, आणि घोड्याच्या पायाखालच्या जमिनीत, सालाच्या बरोबर वर, बारीक इंग्रजी ‘आय’. ती मुंबईची खूण, एवढं मला ठाऊक होतं. मी हरखून गेलो.

सराफाकडून तपासून घेतल्या. वजन ७.९८ ग्रॅम, कसोटीवर २२ कॅरेटचा कस. पाण्यात तोलल्यावर साधारण ०.४५ ग्रॅमची घट आली, २२ कॅरेटच्या सोन्याला येते तेवढीच, म्हणजे आत शिसं-पितळही नाही. निर्धास्त होऊन मी सोन्याच्या भावावर दुर्मिळपणाची बरीच मोठी रक्कम मोजली.

नंतर वाचनात आलं, की मुंबईत या गिन्न्या फक्त १९१८ सालच्या पडल्या. १९१४ ची मुंबईची गिन्नी असूच शकत नाही! (हे वाचन आधी करायला हवं होतं, ही खंत आजही जात नाही.) निदान दुसरी तरी खरी असेल, या आशेने दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली धरल्या. राजाच्या गालावर एक बारीक खळगा होता. दोन्हींवर, त्याच जागी, त्याच आकाराचा.

खऱ्या नाण्यांवरचे ओरखडे, ठोके ती पिशवीत एकमेकांवर आपटून येतात, त्यामुळे दोन नाण्यांवर ते सारखे नसतात. खळगा सारखा, म्हणजे दोन्हींची राजाची बाजू एकाच नाण्यावरून साचा घेऊन पाडलेली. मग बाकीचंही दिसू लागलं. मानेखाली मॅकेनल या शिल्पकाराची ‘बी.एम.’ ही आद्याक्षरं असतात, ती इथे लोण्यासारखी वितळलेली. अक्षरांच्या कडा गोलसर, आणि सपाट भागावर खऱ्या नाण्यावर नसणारे बारीक उंच दाणे.

सराफाने सोनं तपासलं होतं, नाणं नव्हे. जादा पैसे टांकसाळीच्या खुणेसाठी मोजणार असाल, तर आधी साल आणि खूण यांचा मेळ बसतो का ते पाहा, निर्विवाद खऱ्या गिन्नीशेजारी ठेवून भिंगातून ताडून बघा, आणि ‘१९१८, मुंबई टांकसाळ, खोटी निघाल्यास परत’ असं पावतीवर लिहून घ्या. माझ्याकडे पावतीच नव्हती. त्या गृहस्थांना जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सोनं तर खरं आहे ना?”