मिक्सर लागला की तेरा अंशांनी उडी मारणारा कॉफी रोस्टर

गेल्या दिवाळीत मी घरच्या वापरासाठी विजेवर चालणारा, एका वेळी पाव किलो हिरव्या बिया भाजणारा, ड्रमचा एक छोटा रोस्टर विकत घेतला. त्यावर आजवर साठाच्या आसपास बॅचेस झाल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक चिकमगळूरच्या एस-७९५ जातीच्या बियांच्या आहेत. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला यंत्राची बदनामी करायची नसून त्यातल्या एकाच भागाबद्दल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या व्यवस्थेबद्दल, सविस्तर लिहायचे आहे.

भाजणारे यंत्र म्हणून हा रोस्टर उत्तम आहे. ड्रम जाड पत्र्याचा असल्यामुळे बिया कडेने करपत नाहीत, सालपटे वेगळ्या ट्रेमध्ये नीट जमा होतात आणि खालच्या पंख्याने भाजलेल्या बिया चार मिनिटांच्या आत हाताला सोसतील इतक्या थंड होतात. आवाजही बेताचा आहे. याहून अधिक कौतुकाची या भागाला गरज नाही.

तक्रार सुरू झाली ती तिसऱ्या आठवड्यात. रोस्टर यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला होता, आर्टिसन या मोफत सॉफ्टवेअरवर आलेख चढत होता आणि बियांचे तापमान १६८ अंश दाखवत होते. त्याच क्षणी स्वयंपाकघरात सासूबाईंनी चटणीसाठी मिक्सर लावला आणि आकडा एका सेकंदात १८१ वर गेला, मिक्सर थांबताच परत १६९ वर आला. पाव किलो बिया सेकंदात तेरा अंशांनी तापत नाहीत आणि थंड तर त्याहून होत नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत मिक्सर नसतानाही अशा उड्या दिसू लागल्या आणि कधी कधी आकडा क्षणभर गायबच होऊ लागला.

ग्राहक सेवेकडून आलेले उत्तर एका ओळीचे होते: सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग वाढवा. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्मूदिंगची, म्हणजे लागोपाठच्या नोंदींची सरासरी काढून रेषा गुळगुळीत करण्याची, गरज असतेच, ती मी नाकारत नाही. मापन पाव अंशाच्या टप्प्याने होत असेल आणि नोंद दर सेकंदाला घेतली जात असेल, तर आकडा एका टप्प्याने जरी हलला तरी तापमानवाढीचा वेग मिनिटाला १५ अंशांनी बदलल्याचे दिसते. म्हणून वेगाची रेषा पंधरा-वीस सेकंदांच्या नोंदींवरून काढणे योग्यच आहे. परंतु खोट्या नोंदी खऱ्या नोंदींत मिसळून त्यांची सरासरी काढली, तर हाती येते ते गुळगुळीत खोटे. शिवाय स्मूदिंगमुळे रेषा मागे पडते आणि हीटर कमी करण्याची वेळ निघून गेल्यावर ती आपल्याला कळते.

शेवटी मी स्वतःच शोध घ्यायचे ठरवले. पहिली पायरी म्हणून यंत्र पूर्ण थंड असताना, बिया न घालता, एकेक भाग सुरू करून आकडा पाहिला: आधी केवळ मोटर, मग पंखा, मग हीटर. तिन्ही वेळा आकडा अर्ध्या अंशापलीकडे हलला नाही. मग लॅपटॉपला चार्जर लावला आणि आकडा नाचू लागला. चार्जर काढला की शांत. हा प्रयोग मी पाच वेळा केला आणि पाचही वेळा तेच झाले.

याचे कारण समजायला थर्मोकपल, म्हणजे रोस्टरमधला तापमान मोजणारा तारांचा सेन्सर, कसे चालते ते थोडे पाहावे लागते. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि एका अंशाच्या फरकाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट इतका विद्युतदाब त्यांत तयार होतो. म्हणजे तेरा अंशांची ती उडी प्रत्यक्षात अर्ध्या मिलिव्होल्टची होती, आणि ती ज्या घरात घडत होती तिथल्या भिंतींतून २३० व्होल्ट धावत असतात. माझ्या रोस्टरमधला प्रोब, म्हणजे बियांत बुडणारी थर्मोकपलची नळी, असा होता की त्याच्या आतला जोड बाहेरच्या स्टीलच्या नळीला चिकटलेला होता. मल्टिमीटरचे एक टोक नळीला आणि दुसरे वायरला लावले की तो बीप करत असे. नळी रोस्टरच्या सांगाड्याला टेकलेली, सांगाडा अर्थिंगला जोडलेला आणि दुसरीकडून लॅपटॉपही चार्जरच्या तीन पिनांमधून त्याच अर्थिंगला जोडलेला, असे वर्तुळ पूर्ण होत होते. त्यातही सर्किटवर थर्मोकपलचा विद्युतदाब वाचून तापमान काढणारी मॅक्स ३१८५५ ही चिप होती, जिला थर्मोकपलची तार अर्थिंगला टेकलेली चालत नाही. तसे झाले की ती दोष नोंदवते. आकडा मधूनच गायब का होत होता, याचे उत्तर तिथे मिळाले.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. अशा वेळी कोणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला हमखास देतो. उड्या त्याने थांबतीलही, पण लोखंडी सांगाड्यात हीटर असलेले यंत्र अर्थिंगविना चालवणे जिवावर बेतू शकते. लॅपटॉप बॅटरीवर चालवणे किंवा मधे यूएसबी आयसोलेटर, म्हणजे माहिती जाऊ देणारा पण विजेचा थेट संबंध तोडणारा जोड, बसवणे हे दोन सरळ उपाय असताना त्या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

उड्या थांबल्या तेव्हा वाटले की काम झाले; पण त्यांच्या गोंधळात लपलेला दुसरा दोष आता उघड झाला आणि तो अधिक लबाड होता. एका दिवशी मी लागोपाठ तीन बॅचेस भाजल्या. फर्स्ट क्रॅक, म्हणजे ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा तो पहिला तडतडाट, पहिल्या बॅचला १९५ अंशांवर ऐकू आला, दुसऱ्या बॅचला १८९ वर आणि तिसऱ्या बॅचला १८३ वर. बिया एकाच पोत्यातल्या, वजन तेच, हीटरही त्याच क्रमाने हाताळलेला. जो कानाऐवजी आकड्यावर विसंबून बिया काढतो, त्याची तिसरी बॅच काळी पडणार हे नक्की.

तिसऱ्या बॅचनंतर मी यंत्र तापलेले असतानाच समोरच्या झाकणातून प्रोब काढून घेतला, थोडा निवू दिला आणि बर्फाचा चुरा व पाणी घातलेल्या पातेल्यात बुडवला. आकडा स्थिर झाला तो उणे १२ वर. सकाळी यंत्र थंड असताना त्याच पातेल्यात शून्य दिसले होते. दुसऱ्या दिवशी प्लग काढून मागची पट्टी उघडली, तर हीटरच्या बाजूलाच प्लॅस्टिकचा एक छोटा कनेक्टर होता आणि तिथून सर्किटपर्यंत साधी तांब्याची वायर ओढलेली होती. थर्मोकपल टोकाचे थेट तापमान सांगत नाही, ते दोन टोकांमधला फरक सांगते. तांब्याची वायर जिथून सुरू होते तिथेच मापनाचे दुसरे टोक येते, आणि चिप मात्र स्वतःजवळचे तापमान त्यात मिळवते. कनेक्टर सर्किटपेक्षा १२ अंशांनी अधिक गरम झाला की आकडा १२ अंशांनी कमी दिसतो. हातभर के प्रकारची वायर घातली असती तर हा दोष उद्भवलाच नसता, आणि एवढ्या किमतीच्या यंत्रात हातभर वायरीची काटकसर करणाऱ्यांना काय म्हणावे ते मला सुचत नाही.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की मर्यादा, याबद्दल मी अजून साशंक आहे. शंभर ग्रॅमची बॅच घातली की प्रोबचे टोक बियांच्या ढिगात बुडत नाही, बिया त्याला येता-जाता लागतात आणि आकडा बियांचा न राहता आतल्या हवेचा होतो. दोनशे ग्रॅमच्या वर हा प्रश्न येत नाही. कंपनीने किमान वजन माहितीपत्रकात छापायला हवे होते.

मी आता तीन मिलिमीटर जाडीचा, आतला जोड नळीपासून अलग ठेवलेला प्रोब बसवला आहे आणि त्याची स्वतःची दीड मीटर वायर मधे कुठेही न तोडता थेट सर्किटपर्यंत नेली आहे. असा प्रोब किंचित सावकाश प्रतिसाद देतो, पण बारीक असल्यामुळे फरक फारसा जाणवत नाही. एकूण खर्च दीड हजारांच्या आत झाला. जोडताना माझी एक फजितीही झाली: त्या वायरी पिवळ्या आणि लाल होत्या, आणि लाल म्हणजे धन या आपल्या अंगवळणी पडलेल्या समजुतीने मी त्या उलट्या जोडल्या, तेव्हा बिया तापू लागल्या तसा आकडा उतरू लागला. अमेरिकी रंगपद्धतीत थर्मोकपलची लाल वायर ऋण असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण असते. दुरुस्तीनंतर बर्फाच्या पाण्यात शून्य आणि उकळत्या पाण्यात ९८ दिसले. पुण्याची उंची लक्षात घेता ९८ हाच बरोबर आकडा आहे, तिथे १०० ची अपेक्षा धरून उगाच दुरुस्ती करू नये.

ज्यांना पेचकस आणि मल्टिमीटर हाताळायची सवय आहे, त्यांना हा रोस्टर मी सुचवेन, कारण त्याचा ड्रम या किमतीत सहज मिळणारा नाही. ज्यांना खोक्यातून काढून लगेच आलेखावर विसंबायचे आहे, त्यांनी विक्रेत्याला आधी दोन प्रश्न विचारावेत: प्रोबचा जोड नळीपासून अलग आहे का, आणि सर्किटपर्यंतची वायर कोणत्या प्रकारची आहे. दोन्हींची उत्तरे मिळाली नाहीत तर थांबावे. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण. कापलेल्या दोनांपैकी एक वायरीसाठी आणि एक त्या एका ओळीच्या उत्तरासाठी. गेल्या रविवारी सलग तीन बॅचेसचा फर्स्ट क्रॅक १९६, १९७ आणि १९६ वर आला, आणि मधल्या बॅचच्या वेळी मिक्सर चालू होता.